मोसमाची पहिली फेरी

लुडगरच्या स्पोर्ट्स कारच्या नंबरप्लेटवरच एप्रिल ते ऑक्टोबर असं छापलेलं; परवाना तेवढ्याच मोसमाचा. बाकीचे महिने ती श्टुटगार्टच्या थंडीत गॅरेजात उभी. यंदा तिची बॅटरी पार बसली होती. गेल्या मोसमात लुडगर घराचाच रस्ता विसरला होता. म्हणून त्याच्या बायकोने, रोसविथाने, दुकानात मोटरसायकलची बॅटरी निवडली.

दुकानदार म्हणाला, “रोसविथाबाई, हिच्यावर फार तर रेडिओ वाजेल. ते धूड ढिम्म हलायचं नाही!”

“हीच बसवा.”

एक एप्रिलला लुडगरने हातमोजे चढवून चावी फिरवली. नुसतं टक् झालं. त्याने शेजारी उभ्या रोसविथाकडे पाहिलं.

“लहान बसवलीस ना? बरं केलंस.”

त्याने हातमोजे काढून रोसविथाच्या हातात दिले.



“उद्या मी परत चावी फिरवीन गं. तेव्हा खरं सांगू नकोस. नवी बॅटरी मागवलीय म्हण.”