तिसरी तोर्तिया

पोटाचं ऑपरेशन चालू असताना आपण जाग्याच होतो, असं रेमिहिया सांगत होती. हॉस्पिटल म्हणत होतं, बाईंना स्वप्न पडलं. मी तिची वकील, आणि तिच्या शब्दाशिवाय माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

पुएब्ला शहरातच झालेल्या तडजोडीच्या बैठकीला ती मांडीवर पातेलं घेऊन बसली. समोर भूलतज्ज्ञ डॉक्टर अरिस्मेंदी.

"सुरी फिरताना कळत होती मला," ती म्हणाली. "ओरडता येईना, बोट हलेना. कान तेवढे चालू. आणि हे डॉक्टरसाहेब माझ्या उशाशी उभे राहून नर्सबाईंना आपल्या आजीच्या मोले रश्श्याची कृती सांगत होते."

डॉक्टर हसले. "पुएब्लात कुणाच्याही स्वप्नात मोले येतो, बाई."

"असेल हो. मी आपला करून आणलाय." तिने झाकण काढलं. "मिरच्या, चॉकलेट आणि मक्याच्या तीन तोर्तिया, भाकरीसारख्या थापून तव्यावर कोळशासारख्या करपवून. घ्या, चाखा."

पुएब्लाचा माणूस मोलेला नाही म्हणत नाही. डॉक्टरांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांचा चेहराच वाकडा झाला.

"कडूजहर! माझ्या आजीचं नाव घालवलंत! दोन म्हणालो होतो मी नर्सला, दोन!"

मी बैठकीची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाकडे पाहिलं. तो लिहून घेतच होता.

रेमिहियाने झाकण लावलं. "मीही दोनच ऐकलं होतं, डॉक्टर. तिसरी मुद्दाम घातली."