पुढे बघायचंच नाही

रवींद्र मास्तरांनी वजीर उचलला आणि समोरच्या राजाला खेटून, थेट हत्तीच्या तोंडात नेऊन ठेवला. धम्मदिनाने ती खेळी लॅपटॉपवर भरली. पडद्यावर लाल अक्षरं आली: घोडचूक.



हा काही वेळ घालवायला मांडलेला डाव नव्हता. मास्तर हल्ली विसरायला लागले होते. गॅस चालू ठेवून फिरायला जात. परवा वाड्याच्या बसमधून अंबाडीला उतरले आणि मी इथे कुणाकडे आलोय, असं पानवाल्यालाच विचारत बसले. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या, पण मास्तरांचा भरवसा पटावर. नारपोलीच्या विहारात दर रविवारी ते पोरांना बुद्धिबळ शिकवायचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सगळा जीव त्या वर्गात. त्यांनीच लेकीला बजावलं होतं, "नावं चुकू दे, रस्ते चुकू दे. पण पट चुकायला लागलो की तोंडावर सांग, दिना. ज्याचं डोकं चालत नाही त्याने पोरं बिघडवू नयेत. त्या दिवशी वर्ग बंद."

परीक्षा घ्यायला तिचा पठ्ठ्या होताच. पठ्ठ्या म्हणजे तिने स्वतः लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम. दापोड्याच्या गोदामात दिवसभर कॉम्प्युटरवर खोकी चढवायची-उतरवायची आणि ड्युटीवरून आलं की पठ्ठ्या. आता बुद्धिबळात एका खेळीतून ढीगभर खेळ्या फुटतात, त्या प्रत्येकीतून आणखी ढीगभर. सगळ्या बघायच्या म्हटलं तर जुना लॅपटॉप धापा टाकतो. म्हणून अशा प्रोग्रामात छाटणी असते. जी खेळी वरवर बघतानाच तोट्याची वाटते, ती फांदी तिथेच तोडायची, आत शिरायचं नाही. छाटणीचा नियम शोधायला धम्मदिना लांब कुठे गेली नाही. लहानपणी बाबांनीच मांडीवर बसवून तो शिकवला होता. "वजीर फुकट जातोय ना? मग पुढे बघायचंच नाही." तेवढंच तिने मोठ्या कौतुकाने यंत्राच्या डोक्यात घातलं, आणि पठ्ठ्या असा पळायला लागला की विचारू नका. पोर हुशारच. पण तो नियम शिकाऊ पोरीसाठी होता. दहावीला तिने पट सोडला आणि त्यापुढचं शिकायचं राहून गेलं, हे काही तिच्या ध्यानात नव्हतं.

"पठ्ठ्या काय म्हणतो?" मास्तर गालात हसत होते.

"बाबा, वजीर घालवलात तुम्ही."

"पुढे बघ की जरा."

ही त्यांची शाळेतली सवय. उत्तर कधी तोंडाने सांगायचे नाहीत. धम्मदिनाने पटाकडे बघायला हवं होतं. ती पडद्याकडेच बघत राहिली. डोळे भरून आले होते, आणि बापाला दिलेला शब्द तर पाळायचा होता.

"पुढे काही नाहीये, बाबा. घोडचूक म्हणतोय तो."

मास्तरांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी एकदा पटाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "मला काहीतरी दिसलं होतं," ते पुटपुटले. मग म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार." आणि एकेक मोहरा डब्यात भरायला लागले.

विहाराची किल्ली त्यांनी स्वतः जाऊन परत केली. आईने पट माळ्यावर टाकला. सुरुवातीला पोरं दारात येऊन विचारायची, मास्तर कधी येणार म्हणून. मास्तर आतल्या खोलीत जाऊन बसायचे. माणूस खचला तो खचलाच. जयंतीची मिरवणूक दारावरून वाजतगाजत गेली, तरी खिडकीशी आले नाहीत. पावसाळ्यात विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं, तोवर त्यांच्या तोंडून शेजाऱ्यांची नावं गेली होती. मग स्वतःच्या शाळेचं गेलं.

थंडीतल्या एका रविवारी धम्मदिना पठ्ठ्याची डागडुजी करत बसली होती. बघू तरी काय होतं, म्हणून तिने छाटणीचा नियम काढून टाकला आणि साठवलेले जुने डाव पुन्हा चालवले. त्यात त्या संध्याकाळचा डाव आला. तोच वजीर, तीच खेळी. या वेळी लाल अक्षरं आली नाहीत. पडद्यावर आलं: दोन खेळ्यांत मात.

तिचा विश्वास बसेना. माळ्यावरून पट काढून तिने हाताने मांडून पाहिलं. वजीर हत्तीने खाल्ला, की राजाला हलायला घरच उरत नव्हतं. त्याच्याच मोहऱ्यांनी त्याला कोंडून टाकलं होतं. घोड्याची एक उडी, खेळ खलास. विहारातल्या पोरांना दाखवली असती तर टाळ्या पिटल्या असत्या त्यांनी, इतकी सोपी युक्ती. पठ्ठ्याला ती दिसली नाही, कारण त्याने बघितलंच नव्हतं. आणि तिने तरी कुठे बघितलं होतं? बापाचं डोकं त्या दिवशी शाबूत होतं. ते गेलंय, असं त्याला पोटच्या पोरीने सांगितलं होतं. धम्मदिना तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडली.

मग तोंड धुऊन तिने डाव पुन्हा तसाच लावला आणि पट हलक्या हाताने आत नेऊन मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. "बाबा, हा तुमचा डाव. तुमचं बरोबर होतं. चुकलं ते माझं. बघा, तुम्हाला दिसलं होतं ना?"

मास्तर पटावर वाकले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक आली. बोट वजिरावर गेलं, तिथून घोड्यावर आलं आणि थांबलं.

त्यांनी वजीर अलगद उचलला आणि मागे, सुरक्षित घरात आणून ठेवला. मग नव्या पोराला समजवावं तशा मायेने म्हणाले,

"वजीर फुकट जातोय ना, ताई? मग पुढे बघायचंच नाही. तुमच्या वडलांनी शिकवलं नाही का तुम्हाला?"