कच्चे दाणे

योंग्जू गावाहून आलेल्या आजींनी पुढे केलेली गादी बाजूला सारली आणि उघड्या जमिनीवरून तळहात फिरवला. त्या नातवासाठी मुलगी बघायला आल्या होत्या. मुलगी अजून आत जवाचा चहा गाळत होती, तेवढ्यात आजींनी जमीन बघून घेतली.

जमीन बघण्यासारखीच होती. जाड कागद चिकटवलेली, तेल पिऊन पिवळीधमक झालेली. कागदाचे जोड कुठे आहेत ते चिकटवणाऱ्यालाच ठाऊक. जमिनीखालून खेळवलेल्या चुलीच्या धुराची ऊब येत होती आणि वर खिडकीची अख्खी चौकट उमटली होती. आजींनी पांढऱ्या मोज्याची टाच तीनदा घासली, पाय उलटा करून पाहिला. टाच पांढरीच.

"सगळं मुलीच्या हातचं," मध्यस्थ चोनबाई म्हणाल्या. "ही काशाची भांडीसुद्धा. कौलाची पूड आणि पेंढा घेऊन बसली की उठायचं नाव नाही. तोंड बघा त्यात, तोंड."

आजींनी एका वाटीचं झाकण उचलून त्यात तोंड पाहिलं. "मी एवढी म्हातारी झालेय, हे आमच्या घरच्या भांड्यांनी कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

मुलीचे वडील ह्वांग गुरुजी समोर ताठ बसले होते. तीस वर्षं मुलांकडून चिनी अक्षरं गिरवून घेतलेला माणूस. त्यांच्या हातात झाडू गावात कोणी पाहिला नव्हता, कारण झाडू घेण्याआधी ते फाटकाला कडी घालत. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी पिलसुन टपाल कचेरीत टेलिफोन जोडायला बसे. सकाळी जाई ती दिवेलागणीला परते. मग या घरची जमीन घोटतं कोण, हा प्रश्न गावाला पडला नव्हता. घरात एवढा विद्वान माणूस असला की लोकांना असले प्रश्न पडत नाहीत.

चोनबाईंना मात्र ठाऊक होतं. "गुरुजी, आज तोंड उघडायचं नाही," त्यांनी सकाळीच बजावलं होतं. "फडकं बाप मारतो हे कळलं, की स्थळ गेलं. मुलगी सत्तावीसची. हे चौथं. पाचवं आणायला माझ्याकडे माणूसच उरलेला नाही."

पिलसुन चहा घेऊन आली, वाकली, बसली.

"जमिनीला तेल कुठलं ग?" आजींनी विचारलं.

"रानतिळाचं."

चोनबाईंनी श्वास सोडला.

"आणि सोयाबीन?"

"घातलं की."

"घातलंस ते दिसतंय. कसं घातलंस?"

पिलसुनने बाबांकडे पाहिलं. बाबा छत वाचत होते. "आधी... उकडून घेतलं," ती म्हणाली.

"उकडूनच घेतात," चोनबाई घाईघाईने म्हणाल्या. "आमच्याकडेही उकडूनच."

पिलसुनला धीर आला. "चांगलं मऊ उकडलं. मग तेलात कालवून पुरचुंडी बांधली, आणि घट्ट पिळून पिळून..."

"पिळून?"

हे गुरुजी ओरडले होते; ते गुडघ्यांवर उभे होते.

"उकडून? पिळून? अगं, उकडलंस तर जमीन जन्मभर चिकट राहील! मुंग्या उचलून नेतील! दाणे रात्रभर भिजवायचे आणि कच्चे वाटायचे, कच्चे! आणि पुरचुंडी पिळतात होय? ती नुसती टेकवायची. तिचा तिला घाम फुटतो. भिंतीकडून दाराकडे यायचं, गोल गोल. चुलीत नुसता पेंढा. लाकूड घातलं की कागद करपलाच. वाळला की पुन्हा, वाळला की पुन्हा. सात हात! कमी नाही!"

एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. ते हळूच खाली बसले. चोनबाईंनी डोळे मिटून घेतले होते. पिलसुनचे कान लाल झाले होते.

"सात?" आजी म्हणाल्या. "आम्ही पाच देतो."

"पाचाने पाणी थांबत नाही," गुरुजी पुटपुटले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आजींनी चहाचा पेला तिरका केला. चमचाभर चहा जमिनीवर पडला आणि कमळाच्या पानावर बसावा तसा गोळा होऊन बसला. चौघंही त्याच्याकडे बघत राहिली. तो हलला नाही, पसरला नाही, आत तर मुळीच गेला नाही. शेवटी गुरुजींनाच राहवलं नाही. त्यांनी बाहीतून फडकं काढून तो टिपून घेतला. बाहीत फडकं बाळगणारा पंडित आजींनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

"माझ्या दोन्ही सुना पाच हात म्हणतात आणि तीन देतात," त्या चोनबाईंना म्हणाल्या. "त्यांचं खोटं पकडायला मला अकरा वर्षं लागली. हिचं चहा निवायच्या आत पकडलं."

"चुकलं, आजी," पिलसुन म्हणाली. "मला फक्त टेलिफोन जोडता येतो."

"मग जमेल तुमचं. आमच्या नातवाला फक्त रुळांचे सांधे बदलता येतात."

आजी उठल्या. दारापर्यंत गेल्या, भिंतीच्या कडेकडेने, पुसल्या जमिनीवरून जावं तशा. तिथे वळून गुरुजींना म्हणाल्या, "लग्नाच्या दहा दिवस आधी या, नव्या जोडप्याच्या खोलीला सात हात द्यायला. दाणे मी भिजवून ठेवीन."

चोनबाईंनी डोळे उघडले. पिलसुनने तोंडावर हात धरला. गुरुजींनी फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग घसा साफ करून विचारलं, "खोली केवढी आहे?"