सैल पट्टा

“द्या, आता मी धरते,” म्हणत सरोजकाकूंनी हात पुढे केला. मनगटाला गुंडाळलेला पट्टा सोडवायला रसिकाने नको तेवढा वेळ लावला.

“रागावू नका हं,” काकू म्हणाल्या, “पण माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. ओढणारा कुत्रा आम्हाला झेपायचा नाही.”

“नाही ओढत, काकू. दीड महिना शिकवलंय हिने त्याला,” रसिकाचा नवरा राजरत्न घाईघाईने म्हणाला.

मैदानाच्या कडेला गुळ्या दोघींच्या मध्ये बसून शेपटीने माती झाडत होता. डोंबिवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली जन्मलेला, गुळाच्या रंगाचा गावठी कुत्रा. ती बिल्डिंग आता पाडायची होती आणि नवी उभी राहीपर्यंत भाड्याने राहायचं होतं. बारा घरमालकांनी कारण न सांगता नाही म्हटलं. तेराव्याने हो म्हटलं, पण कुत्रा नको. मग गुळ्यासाठी घर शोधणं आलं. ठाण्यातल्या बाळकुमच्या या काका-काकूंचा म्हातारा कुत्रा वर्षापूर्वी गेला होता. त्यांना गुळ्या आवडला. अट एकच, पट्ट्यावर नीट चालला पाहिजे.

शिकवायचं काम रसिकाकडे आलं. म्हणजे ज्याला सोडवत नाही, त्याला तिनेच दुसऱ्याच्या घरी जाण्यालायक करायचं! पट्टा ताणला की जागच्या जागी उभं राहायचं, सैल झाला की पुढे पाऊल टाकायचं. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायला पाऊण तास लागला. येणारे-जाणारे हसले. पण गुळ्या हुशार निघाला, आणि तिला त्याच्या हुशारीचा रागच यायला लागला. गेल्या आठवड्यात तर राजरत्न कामावर गेला की ती गुळ्याला मुद्दाम ओढू द्यायची. “पळ रे,” म्हणायची आणि त्याच्यामागे फरपटत जायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मैदानाच्या कडेने काकू चालू लागल्या आणि गुळ्या त्यांच्या डाव्या पायाशी. ओढ रे, रसिका मनात म्हणत होती. एकदाच ओढ. दहा पावलं जाऊन गुळ्या थांबला आणि वळून तिच्याकडे यायला निघाला. पट्टा ताणला. काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या, दुसऱ्या हाताने त्यांनी खांदा धरला.

तिने नुसतं नाव घेतलं असतं तरी तो झेपावला असता. काकू पडल्या असत्या, आणि संध्याकाळी गुळ्या घरी असता. कुठल्या घरी? सामान तर निम्मं बांधून झालं होतं. राजरत्न तिच्या तोंडाकडे बघत होता. रसिकाने गुळ्याकडे पाठ केली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मागून काकूंचा आवाज आला, “शहाणा गं बाई! बघा, आपणहून सैल सोडला.”

गाडीतही तो मुकाट चढला. गाडीशी उभे राहून सगळं बघणारे श्रीपादकाका खूश झाले. स्टिअरिंगमागे बसून त्यांनी काच खाली घेतली.

“उद्याच डॉक्टरांकडे याची फाइल काढतो,” ते म्हणाले. “आमच्याकडे कुत्र्यांनाही आडनाव असतं हं. आजपासून हा गुळ्या पटवर्धन!”

काकू हसल्या. अशा वेळी हसायची सवय असल्यामुळे राजरत्नही हसला.

“बरं झालं, काका,” रसिका म्हणाली. “आता त्याला कुणी घर नाकारणार नाही. आमचं आडनाव ऐकून बारा जणांनी नाही म्हटलं.”

“अगं...” राजरत्नने तिचा दंड धरला.

श्रीपादकाकांनी उगीचच आरसा नीट केला. मग एसी लावायचाय असं म्हणत त्यांनी काच वर घेतली.