पेलाभर पाणी

काचेच्या बरणीत तळाला पाणी, वर डिझेल. मधली रेघ आखल्यासारखी. मेकॅनिकने बरणी उजेडात धरली.

"बघा काका, पुन्हा पाणी! तुमच्या टाकीला झरा लागलाय की काय?"

काका स्टुलावर बसून चहा फुंकत होते. "हवेतलं असेल रे. गाडी उभीच असते ना."

हवेतलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या नळाचं होतं, आणि ते टाकीत कोण ओततं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. सौदा तसा परवडणारा होता. पेलाभर पाणी जायचं. त्यावर फिल्टर साफ होईपर्यंत बसायला स्टूल, आयता चहा आणि "बसा काका" म्हणणारा माणूस मिळायचा. घरी भिंतींना बोलायची सवय नव्हती.

आज मात्र मेकॅनिकने खणातून नवीच बाटली काढली. झाकणभर औषध बरणीत टाकून बरणी खळखळवली. डिझेल आधी गढुळलं, मग निवळलं. तळाची रेघ गायब.

"पाणी कुठे गेलं?" काकांनी कप खाली ठेवला.

"जातंय कुठे? तेलातच विरघळलं. आता इंजिनात जळून जाईल, तुम्हाला पत्ताही लागणार नाही. अख्खी बाटली टाकीत ओततो. गाडी तुमची फिरते किती? वर्षभर पुरेल."

"आणि पाणी जास्त झालं तर? म्हणजे... औषधाला पेलवेना इतकं?"

"मग पंपच बसेल. गाडी थेट भंगारात. पण तेवढं हवेतनं येत नाही हो, कुणी मुद्दाम ओतलं तरच!" मेकॅनिक खो खो हसला.

काकाही हसले. जरा जास्तच वेळ.

बाटली टाकीत रिकामी झाली. "मिटली तुमची कटकट. आता वर्षभर तोंड दाखवू नका," म्हणत मेकॅनिक पुढच्या गाडीखाली सरकला. जाताना पाने-पक्कड ठेवायला स्टूलही ओढून घेऊन गेला.

काका गाडीत बसले. किल्ली अर्धी फिरवून थांबले, मग पुरती फिरवली. इंजिन खोकलं नाही, अडखळलं नाही. काका स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

पलीकडच्या गाडीखालून आवाज आला, "काय झालं काका? अडली का?"

"नाही रे," काका म्हणाले. "चालू झाली."