शेवटच्या स्टॉपसमोर

"नाही म्हणजे नाही. संध्याकाळी मी घरी पाहिजे," काकू म्हणाल्या आणि चहाचं भांडं जरा जास्तच जोरात घासायला लागल्या.

लेक मोबाइल हातात धरून ओट्याशी उभी होती. आईच्या स्तनातली गाठ काढून झाली होती. नेहमीची औषधंही झाली होती. तरी कॅन्सरने पुन्हा डोकं वर काढलं होतं. डॉक्टरांनी नव्या औषधाची ट्रायल सुचवली. लागू पडेलच अशी हमी कुणी देत नव्हतं, पण एक वाट होती. फक्त ती राजधानीत होती, आणि तिथे काही महिने मुक्काम करावा लागणार होता.

"संध्याकाळी घरात एवढं काय अडतं तुझं?" लेकीने वैतागून विचारलं.

काकूंनी ओल्या हातानेच खिडकीकडे बोट केलं. खिडकीत काका रस्त्याकडे बघत बसले होते.

काका बस चालवायचे. सगळी नोकरी एकाच मार्गावर झाली. शेवटची फेरी संपवून डेपोकडे जाताना गल्लीच्या कोपऱ्यावर ते हॉर्न द्यायचे. एक लांब, दोन आखूड. तो ऐकला की काकू आधण ठेवायच्या. गाडी लावून काका चालत दारात येईपर्यंत चहा कपात असायचा. काकू विचारायच्या, "लावली गाडी डेपोत?" काका म्हणायचे, "लावली." मग पहिला घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "झकास." बोलणं एवढंच. पण गल्लीतल्या बायका काकूंना चिडवायच्या, "पळ गं, तुझं बोलावणं वाजलं."

काका निवृत्त झाले. मग हळूहळू एकेक गोष्ट विसरायला लागले. दिवसभर शांत असायचे. दिवेलागणीला मात्र कासावीस व्हायचे. गाडी रस्त्यातच उभी आहे, माणसं खोळंबलीत, म्हणत दाराची कडी काढायला जायचे. तेव्हा काकू कप हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "लावली गाडी डेपोत?" काका थबकायचे. "लावली," म्हणायचे, आणि रात्र नीट जायची. दुसऱ्या कुणाचं चालायचं नाही. शेजारणीने एकदा विचारून पाहिलं, तर काका तिलाच म्हणाले, "बाई, दारातून मागे सरा आधी."

लेक सासरी. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. काकूंनी ते तिला आज पहिल्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने राजधानीतल्या हॉस्पिटलला फोन लावला. ट्रायलचं काम बघणारी बाई बोलायला मोकळी होती. "ही ट्रायल बऱ्याच ठिकाणी चालते," ती म्हणाली. "तुम्ही राहता कुठे?" लेकीने सांगितलं. "अगं बाई, मग इतक्या लांब कशाला येताय? तुमच्याच शहरात केंद्र सुरू झालंय."

"बाबांच्या शेवटच्या स्टॉपसमोर!" पत्ता ऐकून फोन ठेवताच लेक ओरडली.

"तिथे कुठलं हॉस्पिटल? तिथे माळरान आहे," काकू म्हणाल्या. "हे तिथे झाडाखाली बसून डबा खायचे." त्या जागेसाठी त्यांनी सगळा जन्म डबा भरला होता. जागा मात्र कधी पाहिली नव्हती.

तपासण्या झाल्या. काकूंना ट्रायलमध्ये घेतलं, दर आठवड्याला एक डोस ठरला. पहिल्या डोसच्या दिवशी काकांपाशी शेजारणीला बसवून त्या लेकीबरोबर बसमधून उतरल्या तर माळरान नाहीसं झालेलं, पण झाड होतं. "इवलंसं तर आहे," काकू म्हणाल्या. "हे तर सांगायचे, अख्खी बस सावलीत मावते." तरी जाता जाता त्यांनी खोडाला हात लावलाच.

दुपारी सुटायचं होतं. पण औषध गेल्यावर अंगात कणकण आली आणि डॉक्टर सोडेनात. बाहेर पडल्या तेव्हा उन्हं उतरली होती. बसमध्ये बसतात तोवर शेजारणीचा फोन आला. काका दाराशी आले होते. ती कडीवर हात ठेवून उभी होती आणि ते तिच्यावर चिडले होते.

"झालं," काकू म्हणाल्या. "हे माझं पहिलं आणि शेवटचं. पुन्हा यायची नाही मी."

लेकीने फोनवर शेजारणीला सांगितलं, "निघालोय आम्ही."

गल्लीजवळ स्टॉप नव्हता. उतरायचं ते डेपोच्या दारात. कोपरा दिसायला लागला तशा काकू उठल्या आणि दांडा धरत पुढे गेल्या.

"दादा, त्या कोपऱ्यावर हॉर्न द्याल? एक लांब, दोन आखूड."

तरुण ड्रायव्हरने रस्त्याकडे पाहिलं. "मावशी, समोर कुणीच नाही."

"आहे. तुम्ही वाजवा तर."

त्याने वाजवला.

डेपोपासून घरापर्यंतचा रस्ता काकूंना कधी एवढा लांब वाटला नव्हता. पाय उचलत नव्हते. लेकीचा हात धरून त्या थांबत थांबत चालल्या. रोज हा माणूस असाच दमून यायचा, हे त्यांच्या आज लक्षात आलं.

दार उघडंच होतं. शेजारीण आतल्या उंबऱ्यावर उभी होती. "हॉर्न ऐकला आणि कडी सोडून सरळ ओट्याकडे गेले," ती कुजबुजली. "मी नुसती जवळ उभी राहिले."

काका दोन्ही हातांनी कप सांभाळत आले. काकूंच्या तोंडाकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"लावली गाडी डेपोत?"

काकूंनी लेकीचा हात सोडला आणि कप घेतला. "लावली," त्या म्हणाल्या, आणि एक घोट घेतला. कपात नुसतं गरम पाणी होतं. चहाची पूड टाकायची राहून गेली होती.

"झकास," काकू म्हणाल्या. "आणि अहो, पुढच्या आठवड्यातही ड्युटी आहे माझी."