शालीतली बरणी

शाळकरी मुलांच्या उन्हाळी संशोधन शिबिराचा शेवटचा दिवस होता. लेकीच्या बरणीत रंगारी बापाच्या हौदातलं लालभडक पाणी होतं आणि रंग खाणारे जंतू. परवा ऊब देणारी पेटी बिघडली तेव्हा तिनं फोन केला, “बाबा, आई विरजणाला गुंडाळायची ती शाल आण. इथल्या एसीत जंतू गारठले तर सगळं मुसळ केरात!” बायको गेल्यापासून त्यानं ती धुतली नव्हती, तिचा वास जाईल म्हणून. तरी आणली. “उघड,” परीक्षकबाई म्हणाल्या. लेकीनं बरणीवरची शाल सोडली. पाणी इतकं नितळ, की पलीकडची खिडकी दिसली. टाळ्यांनी खोली दणाणली. “पोरी, तुझे जंतू माझा धंदा बुडवणार!” बाप ओरडला. “पेटीशिवाय जगवलेस कसे?” बाईंनी विचारलं. “आईनं जगवले,” म्हणत लेकीनं शाल बापाच्या खांद्यावर टाकली. शालीला आता आंबूस वास येत होता, थेट बायकोच्या विरजणासारखा.